संगणक तापतो, बंद पडतो आणि पुन्हा सुरू होत नाही : आधी काय पहावे?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी सोडून संगणकावर लिहावे, हे पाहून काहीजण हसतील. आम्ही शेतकी पदविका घेतलेली माणसे, संगणकाचे इंजिनियर नव्हे. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या एका गट ऑफिसात जे घडले, त्यात ५७ सभासदांच्या पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी पणाला लागल्या होत्या. लागणीच्या तारखेवर तोडीची पाळी ठरते, हे आपणास सांगायला नको. तारीख गेली की पाळी गेली. शिवाय आता विकास सोसायटीत, दूध संस्थेत, ग्रामपंचायतीत आणि शिकणारे मूल असलेल्या कित्येक घरांत टेबलावरचा संगणक आला आहे. तो उन्हाळ्यात एकाएकी बंद पडतो, मग बटण दाबले तरी उठत नाही, आणि माणूस घाबरून तालुक्याला धाव घेतो. धाव घेण्यापूर्वी घरीच काय पाहता येते, तेवढे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. माहिती आपल्या कारखान्याच्या संगणक विभागातील मंडळींकडून घेतली आहे. चुका मात्र आमच्या स्वतःच्या आहेत, त्याही सांगतो.

घडले ते असे. गट ऑफिसातील संगणकाचा डबा, म्हणजे ज्याला कॅबिनेट म्हणतात तो, टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात ठेवलेला होता. पाठ भिंतीला टेकलेली. धूळ बसू नये म्हणून वरून प्लॅस्टिकचे कव्हर. दिसायला व्यवस्था उत्तम! ऑक्टोबरचे ऊन, नोंदीसाठी सभासदांची गर्दी, आणि सकाळी आठपासून संगणक चालू. पहिल्या दिवशी दुपारी तो एकदा आपोआप बंद झाला. लिपिकाने पुन्हा चालू केला. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत बंद, मग दहा मिनिटांत, मग पाच. तिसऱ्या दिवशी बटण दाबले की पंख्याचा आवाज येई, चार-पाच सेकंदांत सगळे शांत. लिपिक बिचारा बटण दाबत राहिला. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा ओट्यावर बसलेले एक वडीलधारे सभासद म्हणाले, "काय साहेब, आमची लागण कागदावर हाय का नुसती त्या पडद्यावर?"

आम्ही म्हणालो, "आबा, काळजी करू नका, दोन्हीकडं आहे." बोलून गेलो खरे, पण चौकशी केली तेव्हा कळले की गर्दीमुळे तीन दिवस नोंदवहीत काही लिहिलेच नव्हते. नोंद थेट संगणकावर, आणि छापील पावती सभासदाच्या हातात. कारखान्याकडे रोज संध्याकाळी जाणारी माहितीही संगणक बंद पडल्याने गेलेली नव्हती. म्हणजे ५७ नोंदी फक्त त्या डब्यात, आणि पावत्या सभासदांच्या खिशात. त्यातल्या किती धुण्यात गेल्या असतील, देव जाणे.

आता हा डबा तापतो का, ते पाहू. संगणकाचे मुख्य काम प्रोसेसर नावाची चकती करते. ती जेवढी वीज घेते, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. साधा टेबलावरचा प्रोसेसर भर कामात ६५ वॉटच्या आसपास वीज खातो. आपल्या घरात पूर्वी ६० वॉटचा पिवळा बल्ब असायचा, तो पेटता असताना हात लावून कोणी पाहिला असेल तर आठवा. तेवढीच उष्णता, पण पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत. म्हणून प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसवतात, त्याला हीट सिंक म्हणतात. त्यावर पंखा. ठोकळा उष्णता ओढून घेतो, पंखा ती हवेत सोडतो, आणि कॅबिनेटच्या मागचा पंखा गरम हवा बाहेर काढतो. ट्रॅक्टरच्या रेडिएटरचाच प्रकार, फक्त पाण्याशिवाय. पाचट कुट्टी करताना रेडिएटरच्या जाळीवर भुसा बसला की काटा कसा वर चढतो, ते आपण पाहिलेच आहे. येथे भुशाऐवजी धूळ, आणि उसाच्या गावात पाचट जाळल्याची काजळी. ती दोन-तीन वर्षांत पात्यांच्या मधे अशी बसते की गोधडीच पांघरल्यासारखी होते.

दुसरी गोष्ट अशी की, पंखा हवा थंड करत नाही. खोलीत ४० अंश असेल तर आतली प्रत्येक वस्तू ४० च्या वरच राहणार. थंडीत जो संगणक निमूट चालतो तोच एप्रिल-मेमध्ये का रुसतो, त्याचे उत्तर यात आहे. धूळ डिसेंबरातही तेवढीच होती, पण तेव्हा भागून जात होते.

प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या जवळ गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. संगणक 'हळू' झाल्याची तक्रार अशा वेळी येते आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. त्याहूनही वर गेला की क्षणात सगळे बंद करतो. हे बंद पडणे म्हणजे बिघाड नव्हे, बचाव आहे. विहिरीवरच्या मोटारीचा ओव्हरलोड रिले ट्रिप होतो, तसेच. आणि रिले ट्रिप झाल्यावर आपल्यातले काही बहाद्दर काय करतात? स्टार्टरमध्ये काडी खोचतात किंवा बटण दाबून धरतात. मग वाइंडिंग जळते आणि भरणीच्या ऐन दिवसांत मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. तापून बंद पडलेल्या संगणकाचे बटण पुन्हापुन्हा दाबणे ही तीच काडी. आमच्या लिपिकाने दिवसभर तेच केले, आणि त्याला थांबवायला आम्ही तेथे नव्हतो.

म्हणून पहिले काम : बटणावरून हात काढावा. मागची वायर प्लगातून काढावी. अर्धा-पाऊण तास थांबावे. मग कागदावर लिहावे की बंद पडण्यापूर्वी किती वेळ चालला, काय काम चालू होते, पंख्याचा आवाज वाढला होता का, वास आला का. ही टिपणी पुढे दुरुस्ती करणाऱ्याला फार उपयोगी पडते; आपल्या पिकाच्या रोगाची हकिगत जशी आम्हाला उपयोगी पडते तशी.

थंड झाल्यावर सुरू केला आणि पुन्हा ठराविक वेळाने बंद पडला, तर उष्णतेवर संशय पक्का धरावा. थंड असतानाही जराही जीव नाही, दिवा नाही, पंखा नाही, तर रोग बहुधा विजेच्या वाटेवर आहे. पंखे फिरतात, दिवा लागतो, पण पडदा काळा, तर तो तिसरा प्रकार. चार-पाच सेकंदांत बंद होणारा आमच्या गट ऑफिससारखा असेल, तर हीट सिंक जागेवरून सुटलेला असण्याची शक्यता मोठी. ठोकळा प्रोसेसरला टेकलेलाच नसेल, तर तापायला सेकंद पुरतात.

विजेची वाट प्रथम पहावी, कारण त्याला काही उघडावे लागत नाही. ज्या प्लगात संगणक आहे त्यात मोबाईलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून बघा. मधला यूपीएस काढून संगणक थेट भिंतीच्या प्लगात लावून बघा. यूपीएसची बॅटरी मेलेली असते आणि दोष संगणकावर जातो, असे कितीदा झाले आहे. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर लहान बटण असते, ते साफसफाईत कोणाच्या तरी हाताने बंद झालेले असते. यावर हसू नये, आमच्या मुख्य ऑफिसात झालेले आहे. गावात व्होल्टेज कमी असेल तर वायरमनकडून मोजून घ्यावे. कमी व्होल्टेजला मोटार जास्त अँपियर ओढते आणि तापते, तसाच एसएमपीएससुद्धा जास्त करंट ओढतो आणि तापतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही असे समजावे. ते आधी करून घ्यावे, संगणक नंतर.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो पत्र्याचा छोटा डबा, जो २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो. संगणक चालू असताना त्याच्या मागच्या जाळीसमोर तळहात धरावा. कोमट वारा लागला तर ठीक. डबा गरम आणि वारा नाही, तर पंखा गेला. जळका वास आला तर तेथेच थांबावे. हा डबा मात्र कोणीही, अगदी हुशार मुलानेही, घरी उघडू नये. त्यातल्या कपॅसिटरमध्ये, ज्याला आपण मोटारीच्या बाबतीत कंडेन्सर म्हणतो त्यात, वायर काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहतो. एसएमपीएस दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदलणे बरे. आणि बदलताना सर्वांत स्वस्त घेऊ नये, कारण तो जाताना कधीकधी मदरबोर्डलाही घेऊन जातो.

आता कॅबिनेट उघडण्याचे. वायर काढलेली आहे ना, हे पुन्हा पहावे. वायर काढल्यावर चालू करण्याचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. मग पत्र्याच्या उघड्या भागाला हात लावावा. अंगातली स्थिर वीज उतरते. दोन स्क्रू काढले की डावीकडची बाजू सरकते. आत काय दिसते ते आधी नुसते पहावे. मोबाईलने फोटो काढून ठेवावा, म्हणजे कोणती वायर कोठे होती यावरून नंतर घरात वाद होत नाही.

पंख्याच्या पात्यात एखादी वायर अडकली आहे का? ठोकळ्यात धूळ किती? मदरबोर्डवरच्या उभ्या लहान डब्यांची, म्हणजे कपॅसिटरची, टोके सपाट आहेत की फुगली आहेत? फुगलेली असतील, किंवा तपकिरी चिकट ओघळ असेल, तर तो बोर्ड उष्णतेने किंवा वयाने थकला आहे. तेथे आपले काम संपले. पालीची अंडी, मुंग्यांचे वारूळ, उंदराने कुरतडलेली वायर, हेही पहावे. एका दूध संस्थेच्या संगणकात आम्ही स्वतः वाळून कोळ झालेली पाल पाहिली आहे. उबेला आली असणार.

धूळ काढताना मऊ कोरडा रंगाचा ब्रश घ्यावा. हवा मारायची तर पंख्याचे पाते बोटाने किंवा लाकडी काडीने धरून ठेवावे. येथे आमची दुसरी चूक सांगतो. गट ऑफिसासमोर पंक्चरचे दुकान. कोणीतरी म्हणाले, कॉम्प्रेसरची हवा मारू, पाच मिनिटांत लख्ख! आम्हीही मान डोलावली. हवेचा झोत लागताच पंखा शिट्टी वाजवत असा फिरला की एक पाते तुटून उडाले. वर नळीतून पाण्याचे थेंब आले ते वेगळेच. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते हे ट्रॅक्टर बाळगणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, आम्हालाही होते. त्या क्षणी आठवले नाही. बोर्ड कोरडा होईपर्यंत दुसऱ्या दिवसापर्यंत संगणक तसाच उघडा ठेवावा लागला.

नंतर तो तालुक्याला नेला. तेथल्या दुरुस्ती करणाऱ्याने पाच मिनिटे पाहिले आणि सांगितले, "मदरबोर्ड गेलाय साहेब. नवा टाकू आणि फॉरमॅट मारून देतो." मदरबोर्ड ठीक आहे, पण फॉरमॅट हा शब्द ऐकून आमच्या पोटात गोळा आला. फॉरमॅट म्हणजे हार्ड डिस्क पुसणे. शेताच्या नोंदी पुसून नांगरट केल्यासारखेच. वास्तविक मदरबोर्ड जळला तरी हार्ड डिस्क ही स्वतंत्र वस्तू असते. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की त्यातली माहिती बहुतेक वेळा सहीसलामत मिळते. हे तेव्हा आम्हास नीट माहीत नव्हते, पण नोंदी असलेली वस्तू कोणाच्या हाती द्यायची नाही एवढे समजत होते. संगणक गाडीत घालून कारखान्यावर आणला. आपणही एवढे लक्षात ठेवावे : दुरुस्तीला देताना "माहिती आधी काढून घ्या, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका" असे स्पष्ट सांगावे आणि पावतीवर लिहून घ्यावे.

कारखान्याच्या संगणक विभागातील मुलाने काय केले, ते आम्ही शेजारी उभे राहून पाहिले. सर्वप्रथम त्याने हार्ड डिस्क काढली, दुसऱ्या संगणकाला लावली आणि नोंदींची प्रत घेतली. पडद्यावर ५७ नावे दिसली तेव्हा आम्ही खुर्चीत बसलो. मग त्याने हीट सिंक हलवून पाहिला. चार कोपऱ्यांना चार प्लॅस्टिकच्या खुंट्या, त्यातली एक वर आलेली. ठोकळा एका बाजूने उचललेला. काढल्यावर खाली थर्मल पेस्ट वाळून भेगाळलेली, पान खाण्याच्या डबीत राहिलेल्या जुन्या चुन्यासारखी. ही पेस्ट प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधल्या बारीक फटी भरून काढते. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी मध्ये हवा राहते, आणि हवा उष्णता जाऊ देत नाही. पेस्ट वाळली की वाट बंद.

जुनी पेस्ट कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. (आसवनीतला माल चालेल का, असे एकाने विचारले. चालणार नाही.) नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मध्यभागी एकच ठिपका. जास्त लावली की चांगले, असे नसते. युरियासारखेच, काही सभासदांना पटत नाही, पण नसते. मग ठोकळा सरळ खाली दाबून समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या खुंट्या एकेक बसवल्या, प्रत्येकीचा 'टक्' आवाज ऐकून. नवा पंखा लावला आणि त्याची पिन बोर्डवर प्रोसेसरच्या पंख्यासाठी असलेल्या जागीच घातली. ती दुसऱ्या जागी घातली किंवा पंखा फिरत नसला, तर बरेच संगणक पंख्याची चूक दाखवून पुढे जातच नाहीत. संगणक सुरू झाला. मदरबोर्ड ठणठणीत होता. खर्च पंखा आणि पेस्टचा, काहीशे रुपयांतला.

सुरू झाल्यावर तपमानही पाहता येते. चालू करताच डिलीट किंवा एफ २ ची कळ दाबत राहावी. कंपनीप्रमाणे कळ बदलते. निळ्या-काळ्या पडद्यावर यंत्राच्या देखरेखीचा भाग येतो, त्यात प्रोसेसरचे अंश आणि पंख्याचे फेरे दिसतात. तेथे आकडा ४०-५० च्या आसपास स्थिर असेल तर निश्चिंत असावे. पाहता पाहता ८०, ८५, ९० असा चढत असेल, तर ठोकळा नीट बसलेला नाही. वायर काढून पुन्हा बसवावा.

पंखे फिरतात पण पडदा काळा, या प्रकाराबद्दल थोडक्यात. आधी मॉनिटरची वायर आणि त्याची वीज पहावी. मग रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून काढावी, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेचा खोडरबर हलका फिरवावा, चुरा झटकून पट्टी पक्की बसवावी. पावसाळ्यानंतर निम्मे संगणक एवढ्यानेच उठतात, असा संगणक विभागाचा अनुभव आहे. सुरू होताना पीप-पीप आवाज येत असेल तर किती वेळा येतो ते मोजून सांगावे. तारीख-वेळ रोज चुकत असेल तर बोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलावा, त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. एवढे करून उठला नाही तर जाणकाराकडे न्यावा. पण आता आपण त्याला नेमके काय केले ते सांगू शकता.

एक विचारणा नेहमी होते : बाजू उघडी ठेवून समोर टेबल फॅन लावला तर? निदानासाठी उत्तम. उघडा ठेवून फॅन लावल्यावर जास्त वेळ चालला, तर रोग उष्णतेचाच आहे हे सिद्ध होते. पण तसाच कायम चालवू नये. धूळ दुप्पट बसते, लहान मुलांचे हात जातात, आणि कॅबिनेटमधून हवा ज्या रस्त्याने जावी तो रस्ताच मोडतो.

गट ऑफिसातला संगणक आता टेबलावर आहे, भिंतीपासून वीतभर पुढे, खिडकीच्या उन्हापासून दूर. प्लॅस्टिकचे कव्हर फक्त बंद असताना आणि थंड झाल्यावर घातले जाते. दर शनिवारी मागच्या जाळीवर ब्रश फिरतो. नोंदी दुपारी व संध्याकाळी पेन ड्राइव्हवर घेतल्या जातात आणि नोंदवही पुन्हा सुरू केली आहे. गर्दी कितीही असो, वहीत सही झाल्याशिवाय पावती मिळणार नाही. उशीर होतो म्हणून सभासदांनी रागावू नये.

त्या ५७ नोंदी पावत्यांशी ताडून पाहण्याचे काम नंतर केले. ५३ पावत्या मिळाल्या. दोन नोंदींत गट नंबरचा एक आकडा चुकलेला होता, तो दुरुस्त केला. चार सभासदांच्या पावत्या सापडल्या नाहीत; त्यांच्या लागणीची तारीख डिस्कवरची धरली आणि शेतावर जाऊन पाहणी केली. ओट्यावरच्या आबांची पावती टोपीच्या घडीत होती.